बोलोन्या पहिल्यांदा पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी भाची बोलोन्याच्या विद्यापीठात शिकते. तिच्यामुळे मी या शहरात दोनदा जाऊन राहिले, एकदा पावसाळी नोव्हेंबरात आणि एकदा मे महिन्यात. परत आल्यापासून नातेवाईक, शेजारी, मैत्रिणींच्या मुली असे कितीतरी जण इटलीला निघण्याआधी फोन करतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस सोडून बोलोन्याला कशासाठी जायचं?

ती तिन्ही शहरं सोडू नका. पण तिथे आपण बघे असतो. तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, समोरची वस्तू बघून पुढे सरकायचं. बोलोन्यात बघण्यासारखं सगळ्यात मोठं जे आहे, त्याला तिकीट नाही, दार नाही आणि ते रात्री बंदही होत नाही. ती म्हणजे तिथल्या रस्त्यांच्या दुतर्फा असलेली छताखालची वाट. शहरातली माणसं दूध आणायला, कॉलेजला, दवाखान्यात त्याच वाटेने जातात आणि आपणही त्यांच्यातूनच चालतो. जुनं शहर अजून पुरतं वापरात आहे, हे मला तिथे पहिल्याच दिवशी जाणवलं आणि तेच सगळ्यात आवडलं.

नाव बोलोग्ना की बोलोन्या?

बोलोन्या. इटालियनमध्ये त्या जोडाक्षराचा उच्चार ‘न्य’ होतो. स्टेशनवर ‘बोलोग्ना’ म्हणालात तर समोरच्याला क्षणभर थांबून विचार करावा लागतो.

पहिल्यांदा पाऊल ठेवल्यावर काय दिसतं?

मी पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि पाऊस लागून राहिला होता. भाची स्टेशनवर घ्यायला आली होती, तीही छत्रीशिवाय. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “मावशी, चल तर खरं.” स्टेशनच्या समोरून रस्ता ओलांडला, व्हिया देल्लिंदिपेंदेंझा या मोठ्या रस्त्याला लागलो आणि डोक्यावर छत आलं ते जवळजवळ मुख्य चौकापर्यंत राहिलं. मध्ये आडव्या गल्ल्या लागल्या की चार पावलं भिजायचं, पुन्हा कमानीखाली. डाव्या हाताला दुकानांच्या काचा, उजव्या हाताला खांब आणि खांबांपलीकडे पाऊस.

दुसरी गोष्ट पायाखालची. या वाटेची जमीन दगडी नाही. चुन्या-सिमेंटात संगमरवराचे बारीक तुकडे बसवून घासून गुळगुळीत केलेली आहे. आपल्याकडच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये जिन्यात जी फरशी असते आणि जिला आपण ‘मोझॅक’ म्हणतो, तीच. गिरगावात वाढलेल्या माणसाचे पाय ती फरशी लगेच ओळखतात. बॅगेची चाकं तिच्यावरून आवाज न करता गेली आणि मी दहा तासांचा प्रवास विसरले.

पोर्टिको म्हणजे नेमकं काय? ते एवढे का बांधले?

घराचा पहिला मजला रस्त्याच्या बाजूला पुढे काढायचा, त्याला खालून खांब द्यायचे आणि खालची जागा चालणाऱ्यासाठी मोकळी ठेवायची, म्हणजे पोर्टिको. आपल्या भाषेत सांगायचं तर वाड्याची ओसरी. फरक एवढाच की एका घराची ओसरी संपते तिथे शेजाऱ्याची सुरू होते. असे सगळे पोर्टिको जोडले तर लांबी ६२ किलोमीटरच्या आसपास भरते आणि त्यातले ३८ किलोमीटरच्या आसपास जुन्या शहराच्या आत आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

सुरुवात नाइलाजातून झाली. अकराव्या-बाराव्या शतकात विद्यापीठामुळे देशोदेशीचे विद्यार्थी येऊ लागले, खेड्यांतून कारागीर येऊ लागले आणि तटबंदीच्या आत जागा पुरेना. लोकांनी वरचे मजले लाकडी तुळयांवर पुढे ढकलले. तुळया लांब झाल्या तेव्हा त्यांना खालून टेकू द्यावे लागले. हे एक प्रकारचं अतिक्रमणच होतं. असली अतिक्रमणं पाडून टाकणारी शहरं पुष्कळ होती. बोलोन्याने उलटं केलं. १२८८ च्या नगरनियमांत असं ठरवलं की नव्या घराला पोर्टिको असलाच पाहिजे आणि जिथे तो नाही तिथे मालकाने तो बांधून घ्यावा. उंचीही ठरवली, किमान सात बोलोन्याई फूट, म्हणजे २.६६ मीटर. घोड्यावर बसलेला माणूस खालून जाऊ शकला पाहिजे, हा हिशेब होता.

पुढे सोळाव्या शतकात लाकडी खांब काढून विटा-दगडाचे करायचे हुकूम निघाले. तरी काही लाकडी खांब टिकून आहेत. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर कासा इझोलानी नावाचं तेराव्या शतकातलं घर आहे. त्याचा पुढे आलेला मजला ओकच्या उंच खांबांवर उभा आहे. मी त्यातल्या एका खांबाला हात लावून पाहिला. लाकूड राखाडी झालं आहे, उभ्या भेगांत बोटाचं पेर जातं आणि खालच्या बाजूला, माणसांच्या खांद्यांच्या उंचीपर्यंत, ते घासून-घासून गुळगुळीत झालं आहे. सातशे वर्षं त्या खांबाला टेकून कोणी ना कोणी कोणाची तरी वाट पाहत उभं राहिलेलं आहे. त्या तुळयांमध्ये तीन बाण अडकलेले आहेत अशी एक दंतकथा आहे, ते शोधत माना वर करून उभे असलेले लोक तिथे हमखास दिसतात. मला बाण दिसले नाहीत.

ही जागा कोणाच्या मालकीची?

घरमालकाची. हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जमीन घरमालकाची, दुरुस्ती घरमालकाने करायची आणि त्यावरून चालायचा हक्क मात्र सगळ्यांचा. हा व्यवहार तेराव्या शतकापासून चालू आहे. आपल्याकडे पावसात कोणाच्या वळचणीला उभं राहिलं तर आतून कोणीतरी “कोण आहे?” विचारतं. तिथे वळचणच रस्ता झाली आहे. माझ्या भाचीच्या घराखाली एक आजी रोज सकाळी स्वतःच्या दारासमोरचा पोर्टिकोचा तुकडा ओल्या फडक्याने पुसतात. आम्ही जवळ आलो की फडकं बाजूला घेऊन “प्रेगो” म्हणत वाट देतात, आपल्याकडे “या” म्हणतात तसं. दिवसभरात त्यावरून हजारभर माणसं तरी जात असतील, तरी त्यांचं रोजचं पुसणं चुकत नाही.

शहर लाल का?

आसपास चांगला बांधकामाचा दगड कमी, माती भरपूर. म्हणून विटा, कौलं आणि भिंतींना गेरू, शेंदरी, पिवळसर असे मातीचेच रंग. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की खांबांच्या सावल्या आणि मधले तांबडे पट्टे असं पूर्ण गल्लीभर दिसतं. ‘ला रोस्सा’, म्हणजे लाल, हे शहराचं टोपणनाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे दीर्घकाळ डाव्या पक्षांची सत्ता राहिली, म्हणून तो शब्द राजकीय अर्थानेही वापरतात. आणखी दोन टोपणनावं आहेत, ‘ला दोत्ता’ म्हणजे विदुषी आणि ‘ला ग्रास्सा’ म्हणजे खाऊन-पिऊन गुटगुटीत.

सुरुवात कुठून करावी?

पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकातून. शेजारीच नेपच्यूनचं कारंजं आहे, जाम्बोलोन्या या शिल्पकाराने १५६० च्या दशकात घडवलेलं. त्या देवाच्या हातातला त्रिशूळ मासेराती गाडीवर दिसतो, कारण ती कंपनी १९१४ मध्ये याच शहरात सुरू झाली. चौकाच्या एका बाजूला पालाझ्झो देल पोदेस्ता आहे. त्याच्या खालच्या कमानदार घुमटीत चार कोपऱ्यांत लोक भिंतीकडे तोंड करून उभे असतात, ते पाहून गोंधळू नका. एका कोपऱ्यात भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. मधून इतके लोक जात-येत असतात, तरी. आम्ही दोघी उभ्या राहिलो. भाचीने हळूच विचारलं, “मावशी, आज काय जेवायचं?” आणि ते दगडातून कानाशी आलं. विजापूरच्या गोल घुमटात आवाज घुमतो, इथे तो गुपचूप पोचतो.

चौकाची दक्षिण बाजू सान पेत्रोनिओ या प्रचंड चर्चने व्यापलेली आहे. बांधकाम १३९० मध्ये सुरू झालं आणि दर्शनी भिंत आजही अर्धीच आहे. खालच्या भागात संगमरवर, वर नुसत्या खडबडीत विटा. पहिल्यांदा पाहिल्यावर दुरुस्ती चालू आहे असंच वाटतं. हे पोपने किंवा बिशपने नाही, तर नगराने स्वतःसाठी, आपल्या संरक्षक संतासाठी बांधायला घेतलेलं देऊळ होतं. शहराची ऐपत आणि त्याची मर्यादा दोन्ही त्या एकाच भिंतीवर दिसतात, म्हणून मला ती पूर्ण झालेल्या कितीतरी भिंतींपेक्षा प्रिय आहे.

सान पेत्रोनिओमधली ‘सूर्यरेषा’ काय आहे आणि ती कधी पाहावी?

चर्चच्या आत, डावीकडच्या बाजूच्या फरशीत एक पितळी पट्टी तिरकी गेलेली दिसते. लांबी जवळपास ६७ मीटर. ती १६५५ मध्ये जोव्हान्नी दोमेनिको कास्सीनी या खगोलशास्त्रज्ञाने आखली. वर छताला, सुमारे २७ मीटर उंचीवर, एक लहानसं भोक आहे. त्यातून आलेली उन्हाची तिरीप खरं मध्यान्ह झालं की बरोबर या रेषेवर येते. उन्हाळ्यात ती भोकाच्या जवळ पडते, हिवाळ्यात लांब, दरवाजाच्या दिशेने. म्हणजे फरशीवर वर्षभराचं पंचांग आहे.

कास्सीनीने याच कवडशाचा आकार मोजला. सूर्याचं बिंब वर्षभरात किती लहान-मोठं दिसतं त्यावरून, ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात या केपलरच्या मांडणीला आधार मिळाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल गॅलिलिओवर खटला चालला १६३३ मध्ये. त्यानंतर अवघ्या २२ वर्षांनी, पोपच्याच राज्यातल्या शहरात, चर्चच्या फरशीवर हे मोजमाप झालं.

आता वेळ. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा एक नसतात. उन्हाळी वेळापत्रक चालू असताना (तेव्हा तिथली घड्याळं तासभर पुढे असतात) दुपारी सव्वाच्या सुमारास ही तिरीप रेषेवर येते, हिवाळी वेळापत्रकात सव्वाबाराच्या आसपास. वीस मिनिटं आधी जाऊन उभे राहा आणि आकाश निरभ्र हवं. मी मे महिन्यात पाहिलं. जेवणाच्या ताटापेक्षा थोडा मोठा, कडा किंचित थरथरणारा उजेडाचा गोल फरशीवर आला आणि तो नुसत्या डोळ्यांना सरकताना दिसत होता. एका शाळेच्या सहलीतली मुलं त्याच्याभोवती उकिडवी बसली होती. एका मुलाने त्याच्या कडेवर बोट ठेवलं, उजेड बोटावर चढला आणि पलीकडे उतरला. पृथ्वी फिरते हे मी वर्गात पस्तीस वर्षं शिकवलं होतं. ते चालू असताना समोर कधी पाहिलं नव्हतं.

दोन मनोऱ्यांवर चढता येतं का?

आसिनेल्ली मनोरा ९७ मीटर उंच, ४९८ लाकडी पायऱ्या. शेजारचा गारिसेंदा ४८ मीटर आणि चांगलाच कललेला. दोन्ही बाराव्या शतकातले. गारिसेंदा आधी साठेक मीटर होता, पण जमीन खचू लागल्याने चौदाव्या शतकातच वरचा भाग उतरवला. इटालियन महाकवी दान्तेने त्याचा उल्लेख केला आहे, वरून ढग जात असताना खालून पाहिलं की मनोरा आपल्यावर झुकतोय असं वाटतं, म्हणून. हे आजही करून पाहता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गारिसेंदाच्या हालचाली धोकादायक वाटल्याने भोवतालचा भाग बंद केला, त्यात आसिनेल्लीवर जाणंही थांबलं. निघण्याआधी चौकशी करा, पण चढायला मिळेलच असं धरून जाऊ नका. तसेही इथले विद्यार्थी पदवी हातात पडेपर्यंत त्यावर चढत नाहीत, चढलं तर पदवी मिळत नाही असा समज आहे. माझी भाचीही चढलेली नाही.

विद्यापीठ पाहता येतं का?

विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ धरतात आणि ते युरोपातलं सर्वांत जुनं मानलं जातं. सुरुवातीला इमारत वगैरे काही नव्हती. विद्यार्थी एकत्र येऊन गुरूला मानधन देत आणि तो आपल्या घरी किंवा भाड्याच्या जागेत शिकवी. आजचे विभाग व्हिया झाम्बोनीच्या आसपास पसरलेले आहेत. डोक्यावर तमालपत्रांसारख्या पानांचा मुकुट घातलेली, मित्रांच्या गराड्यातली मुलं दिसली तर समजा आज त्यांना पदवी मिळाली.

पाहायलाच हवी ती जुनी इमारत, आर्किजिन्नासिओ, १५६३ ची. भिंती आणि छतं विद्यार्थ्यांच्या घराण्यांच्या रंगीत चिन्हांनी भरलेली आहेत, हजारोंनी. वरच्या मजल्यावर शवविच्छेदनाची जुनी शाळा आहे, १६३७ ची, सगळी लाकडात. मध्ये पांढऱ्या संगमरवराचं टेबल, चारी बाजूंना चढत्या बाकांच्या रांगा. प्राध्यापकांच्या आसनावरच्या छताला दोन लाकडी माणसांनी तोलून धरलं आहे. त्या माणसांना कातडी नाही, स्नायूंचा एकेक पदर दाखवला आहे. छतावर शरीरशास्त्र ही एक स्त्री होऊन बसली आहे आणि एक बाळ तिला काहीतरी भेट देतंय. मी जवळ जाईपर्यंत मला ते फूल वाटलं. ते मांडीचं हाड आहे.

२९ जानेवारी १९४४ ला बॉम्ब पडून ही शाळा उद्ध्वस्त झाली. नंतर लोकांनी ढिगाऱ्यातून लाकडाचे तुकडे वेचून ती पुन्हा उभी केली.

आणखी एक नाव लक्षात ठेवा, लाउरा बास्सी. १७३२ मध्ये तिने इथे पदवी मिळवली आणि पुढे इथेच भौतिकशास्त्र शिकवलं. मुली बरोबर असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

सान लुकाची चढण झेपेल का?

गुडघे बरे असतील तर नक्की झेपेल आणि बोलोन्यात एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा.

शहराच्या नैऋत्येला टेकडीवर सान लुकाच्या मारियाचं, म्हणजे येशूच्या आईचं, मंदिर आहे. पोर्ता सारागोझ्झा या वेशीपासून मंदिराच्या दारापर्यंत सलग पोर्टिको गेलेला आहे. जवळपास ३.८ किलोमीटर, ६६६ कमानी. काम १६७४ मध्ये सुरू झालं. खर्च व्यापारी संघांनी, घराण्यांनी, साध्या कुटुंबांनी कमानी-कमानींनी वाटून घेतला, काही भिंतींवर अजून नावं आहेत. १६७७ मध्ये तर लोकांनी टेकडीच्या पायथ्यापासून रांग लावून बांधकामाचं साहित्य हातोहात वर पोचवलं.

मंदिरात मारिया आणि बाळाचं एक जुनं चित्र आहे, ते संत लुकाने रंगवलं अशी श्रद्धा. १४३३ मध्ये पाऊस थांबेना, पिकं वाया जाऊ लागली, तेव्हा ते चित्र वाजतगाजत शहरात आणलं आणि पाऊस थांबला असं सांगतात. तेव्हापासून दर वर्षी, बहुधा मे महिन्यात, ते चित्र टेकडीवरून खाली आणतात, आठवडाभर शहरात ठेवतात आणि परत नेतात. माझी दुसरी फेरी नेमकी त्याच दिवसांत झाली. खांद्यावर घेतलेलं ते चित्र, दोन्ही बाजूंना उभी माणसं, खिडक्यांतून सोडलेल्या लाल चादरी आणि समोर आल्यावर क्रूसाची खूण करणाऱ्या म्हाताऱ्या. आमच्या दारावरून माउलींची पालखी जाते. त्यामुळे आजूबाजूला काय चाललंय ते मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. डोळे आपोआप भरून आले.

चालण्याबद्दल. पहिला टप्पा सपाट आहे, घरांच्या मधून. मेलोन्चेल्लोच्या कमानीनंतर चढ लागतो, कुठे पायऱ्या, कुठे उतरती फरशी. मला सव्वा तास लागला, तरुणांना पाऊण पुरतो. मध्ये छोट्या देवळ्या आहेत, तिथे बसा. पाणी बरोबर ठेवा, कारण चढ सुरू झाल्यावर दुकान नाही. सकाळी लवकर गेलात तर रोजचे लोक भेटतात. कोणी पळत वर जातं, कोणी जपमाळ हातात घेऊन अगदी सावकाश. ज्यांना चढणं शक्य नाही त्यांच्यासाठी चौकातून पर्यटकांची छोटी रबरी चाकांची गाडी वर जाते, त्यात कमीपणा मानू नका.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

होतं, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. हे शहर डुकराच्या मांसावर आणि अंड्याच्या पिठावर पोसलेलं आहे.

तोर्तेल्लीनी म्हणजे करंगळीच्या नखाहून थोडी मोठी मोदकवजा गुंडाळी, आत मांस, आणि ती मांसाच्याच रश्श्यात येते. शाकाहाऱ्यांनी मागायची ती तोर्तेल्लोनी. नावात एका स्वराचा फरक, पण ती मोठी असते आणि आत रिकोत्ता चीज आणि पालेभाजी. ‘बुर्रो ए साल्व्हिया’ म्हणजे लोणी आणि सेजच्या पानांबरोबर मागा. ताजा पास्ता जवळजवळ सगळा अंड्यातच मळलेला असतो, तेव्हा अंडं वर्ज्य असेल तर सुका पास्ता विचारून घ्या. तळलेल्या क्रेशेन्तीने आणि पियादीना या रोट्यांमध्ये डुकराची चरबी वापरण्याची रीत आहे, त्यामुळे ‘सेन्झा स्त्रुत्तो?’, म्हणजे ‘चरबीशिवाय?’, एवढं विचाराच. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. जे कडक पाळतात त्यांना हे माहीत असावं.

जे सगळं खातात त्यांनी ‘स्पॅगेटी बोलोनीज’ मागू नये. इथे रागू, म्हणजे मांसाचा घट्ट सॉस, ताल्यातेल्ले या रुंद पट्ट्यांच्या पास्त्याबरोबर खातात आणि त्या पट्टीची रुंदीसुद्धा १९७२ मध्ये व्यापार मंडळात नोंदवून ठेवली आहे. शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग.

चौकाजवळच्या क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत काही दुकानांत काचेमागे बायका पीठ लाटताना दिसतात. त्यांना स्फोल्यीने म्हणतात. लाटणं हातभर लांब, पोळपाट म्हणजे अख्खं टेबल. पोळी इतकी पातळ आणि मोठी होते की तिची एक बाजू टेबलावरून खाली लोंबते आणि त्या पोटाने ती टेबलाच्या कडेला दाबून धरून दुसरी बाजू ताणतात. मी वीस मिनिटं काचेबाहेर उभी होते. आतल्या बाईंनी मान वर करून पाहिलं, मी हातानेच लाटल्याची खूण केली, त्यांनी हसून पोळी उचलून उजेडासमोर धरली. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

गर्दीत हरवून न जाता एकच कलाकृती पाहायची तर कोणती?

सान्ता मारिया देल्ला व्हिता या चर्चमधला निक्कोलो देल्लार्काचा भाजक्या मातीचा समूह, पंधराव्या शतकातला. ख्रिस्ताचा देह जमिनीवर आडवा आणि भोवती सहा माणसं, पूर्ण मानवी आकाराची. उजव्या टोकाची स्त्री धावत येते आहे. अंगावरची वस्त्रं मागे उडालेली, तोंड पूर्ण उघडं. तो आक्रोश थेट अंगावर येतो. ही मूर्ती दगडाची नाही, मातीची आहे हे विसरू नका. मातीवर बोट फिरवल्याच्या खुणा जवळून दिसतात. बाहेर पडल्यावर लगेच दुसरं काही बघायला जाऊ नका.

बोलोन्यात कालवे आहेत म्हणे?

होते, भरपूर. रेशमाच्या गिरण्या त्यांच्या पाण्यावर चालत. विसाव्या शतकात बरेचसे झाकले गेले. व्हिया पियेल्लामध्ये भिंतीला एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून उरलेल्या पाण्याचा तुकडा दिसतो. फोटोसाठी रांग असते. पाच मिनिटांचं काम.

स्टेशनवरचं घड्याळ बंद का आहे?

ते मुद्दाम १०:२५ वर थांबवलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी, सुट्टीच्या गर्दीच्या शनिवारी, त्या वेळी प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट झाला. ८५ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. हल्ला नवफॅसिस्ट अतिरेक्यांनी केला होता. प्रतीक्षालयाच्या भिंतीतली भेग आजही काचेमागे तशीच ठेवली आहे आणि शेजारी मृतांची नावं आणि वयं कोरली आहेत. वयं वाचा. गाडीला दहा मिनिटं असतील तर ती तिथे उभं राहून घालवा.

मराठी माणसाचा या भागाशी काही संबंध आहे का?

आहे आणि तो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

मुख्य चौकाशेजारी एका भिंतीवर फॅसिस्ट आणि नाझींशी लढताना गेलेल्या स्थानिक लोकांचे शेकडो फोटो लावले आहेत. बोलोन्या मुक्त झालं २१ एप्रिल १९४५ ला. त्याच्या बारा दिवस आधी, ९ एप्रिलला, शहराच्या पूर्वेला सेनिओ नदीवर ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीने जर्मनांवर हल्ला चढवला. त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव तिथे निरोप्या म्हणून होते. नदी ओलांडल्यावर बरोबरचे जवळजवळ सगळे पडले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं, मग एकटे पुढे जाऊन मशिनगनच्या चौक्या बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

बोलोन्याहून रिमिनीकडे जाणारी साधी गाडी कास्तेल बोलोन्येसे सोडल्यावर फाएन्झाच्या आधी सेनिओ ओलांडते. नदी एवढीशी आहे, दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध. बेसावध असलात तर पूल कधी गेला कळतही नाही. मी खिडकीशी बसून स्टेशनं मोजत होते. पुढे फोर्ली गावात भारतीय सैनिकांचं स्मशान आहे. जवळपास पाचशे थडगी आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्या नावांचं वेगळं स्मारक. नावं वाचताना मराठा पलटणीची अक्षरं आली की पाय थबकतात. मी बोलोन्याच्या बाजारातून पांढरी शेवंती नेली होती. तिकडे ती स्मशानातच वाहतात, त्यामुळे फुलवालीने काही न विचारता कागदात नीट बांधून दिली.

किती दिवस ठेवावेत? कोणत्या महिन्यात जावं?

शहरासाठी दोन पूर्ण दिवस आणि सान लुकासाठी तिसऱ्या दिवसाची सकाळ. एप्रिल, मे आणि सप्टेंबर, ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भातल्या माणसालाही घाम फुटेल अशी दमट उष्णता असते आणि ऑगस्टच्या मध्याला बरीच दुकानं बंद. फ्लॉरेन्स वेगवान गाडीने चाळीसेक मिनिटांवर, मोदेना आणि फेर्रारा साध्या गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. त्यामुळे इथे मुक्काम ठेवून फिरणंही सोयीचं पडतं.

बारीकसारीक पण उपयोगाचं काय?

विमानतळावरून मोनोरेल सात-आठ मिनिटांत स्टेशनवर आणते. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. बरीच चर्चेस दुपारी बंद असतात, म्हणून ती सकाळी उरकून घ्या. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून महाग. शनिवार-रविवारी मधले मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात, तेव्हा बाबागाड्या आणि लहान मुलं घेऊन फिरणाऱ्यांना फार बरं पडतं. चप्पल मऊ तळव्याची घ्या, पण गुळगुळीत नको. ती मोझॅकची फरशी ओली झाली की निसरडी होते.

छत्री न्यावी का?

छोटी न्या. गल्ली ओलांडताना लागते. मी नोव्हेंबरात नेलेली मोठी छत्री नऊ दिवसांत दोनदा उघडली आणि निघताना भाचीच्या घराखालच्या त्या आजींना देऊन आले.